पॉपचा विस्तव

"पॉप घरी यायच्या आत विस्तव विझला, तर माझं नाव बदला!" असं म्हणून नॉर्बर्टनं चर्चच्या हॉलमध्ये पिरोगीच्या, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांच्या, पिठानं माखलेला हात छातीवर थापला. शर्टावर पांढरा पंजा उमटला.

शेनांडोआ या कोळशाच्या खाणींच्या गावात तळघरातली कोळशाची शेगडी ऑक्टोबरात पेटवायची आणि एप्रिलपर्यंत विझू द्यायची नाही. विझली की गावभर बभ्रा! नॉर्बर्टच्या सासऱ्यांनी, म्हणजे पॉप यर्कोनिसनी, जावयाला आजवर एकच काम दिलं होतं : राखेची बादली उचलायची आणि दारापुढच्या बर्फावर राख पसरायची, म्हणजे कुणी घसरत नाही. पण हर्नियाच्या ऑपरेशनला जाताना ते म्हणाले, "मी येईपर्यंत पेटती ठेव. ठेवलीस, तर यापुढे शेगडी तुझी. विझली, तर जन्मभर बादली!"

नॉर्बर्टनं लगोलग भिंतीवर एक हुशार डबी बसवली. घर गारठलं की डबी शेगडीला हुकूम देणार, शेगडी तांदळाएवढे कोळशाचे दाणे आपोआप पुढे ढकलणार, आणि नॉर्बर्ट हॉलमध्ये पिरोगी वळता वळता फोनवरून राज्य करणार!

"काय म्हणतंय राज्य?" शेजारी पीठ मळणाऱ्या मित्रानं, स्टॅशनं विचारलं.

नॉर्बर्टनं फोन पाहिला. घरात सत्तर अंश फॅरनहाइट हवे तिथे पंचावन्न! घरात कुणी नाही असं पाहून डबीनं काटकसर म्हणून शेगडीला परस्पर सुट्टी दिली होती.

"किरकोळ आहे," म्हणत त्यानं आकडा ऐंशीवर नेला. 'शेगडी चालू आहे,' फोननं कळवलं. घर मात्र पन्नासवर आलं.

"नव्वद कर," स्टॅश म्हणाला. "राजाला काय कमी?"

त्यानं नव्वद केला. घर शेहेचाळीस! एवढ्यात बायकोचा, रोझानचा फोन : "अरे, पॉपना आजच सोडलं! निघालोच आम्ही."

नॉर्बर्ट एप्रनसकट पळाला.

तळघरात विस्तव केव्हाच गार पडला होता. फोनवरून सोडलेल्या प्रत्येक हुकमासरशी शेगडी इमानानं कोरा कोळसा ढकलत होती, आणि तो विझल्या विस्तवावरून थेट राखेच्या बादलीत पडत होता. बादली शिगोशीग!

हा दगडी कोळसा काडीला दाद देत नाही. नॉर्बर्टनं मांस भाजायचा लाकडी कोळसा आणला, रोझानचं केस वाळवायचं यंत्र लावलं, देवाची करुणा भाकली. बाहेर गाडी वळल्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी निळी ज्योत उठली!

आता बादली! लपवायची कुठे? वर्षानुवर्षांच्या सवयीनं पाय दाराकडे वळले, आणि बादली बर्फावर रिकामी झाली.

पोट धरून पॉप गाडीतून उतरले. खाली पाहिलं. पांढऱ्याशुभ्र बर्फावर काळाभोर कोळसा हिऱ्यासारखा चमकत होता.

"शेगडी पेटलीय, पॉप! हात लावून बघा ना!"

पॉप वाकू लागले, कण्हले, आणि बुटाच्या टोकानं त्यांनी चार दाणे उडवले. "बघतो ना. आधी ही राख पेटते का बघू."

"पॉप, ते डबीनं..."

"मग बादली डबी उचलणार का?"

नॉर्बर्ट गुडघ्यांवर बसून दाणे वेचू लागला. बोटं बधिर झाली. खिशात फोन वाजला.

'अभिनंदन! या आठवड्यात तुमच्या शेगडीनं आजवरचा सर्वांत कमी कोळसा जाळला!'