विनापरवाना कपात

आमच्या पोलाद कारखान्यातल्या तीन नंबरच्या भट्टीचं दार नीट लागत नव्हतं. ते वाकलं होतं आणि वर वीतभर फट पडली होती. फटीतून धग बाहेर जाई, म्हणून कोळसा जास्त लागे, म्हणून धूरही जास्त निघे. वर्षअखेर कार्बन उत्सर्जन दहा टक्क्यांनी उतरलं नाही तर भट्टी कायमची बंद आणि तिच्यावरची चाळीस माणसं घरी, असा वरून हुकूम होता. भट्टीच्या फोरमनना सगळे मामा म्हणत. त्यांनी दोन शब्दांचा अर्ज केला : दार बदला.

अर्ज उत्सर्जन कपात समितीपुढे आला. समितीचं इतिवृत्त मी लिहितो, तेव्हा हे सगळं अधिकृत समजावं.

"नवं दार कशाचं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"पोलादाचं. दोनशे किलो लागेल," मामा म्हणाले.

"आणि पोलाद करताना काय निघतं?"

मामांनी मान खाली घातली. "कार्बन."

"लिहा," बाई मला म्हणाल्या, "अर्जदारानं कपातीच्या नावाखाली वाढ मागितली." मी लिहिलं.

एवढ्या गंभीर अर्जाची फाईल उघड्यावर कशी ठेवणार? कपाट हवं. लाकडाचं केलं तर झाड तोडावं लागलं असतं, म्हणून पोलादी. समिती दूरदर्शी असल्यानं बावीस केली. मग फाटकावर 'येथे कार्बन कमी केला जातो' असा तीस फुटी पोलादी फलक आला. धूर जवळून मोजता यावा म्हणून धुराड्याला गोल जिना झाला. तो चढताना बाईंना धाप लागली, तेव्हा मध्यावर कठड्यासकट सज्जा काढला. समितीच्या कामाला प्राधान्य असल्यानं तीन नंबरची भट्टी तिन्ही पाळ्यांत धडधडू लागली.

"बाई, त्या कठड्यात माझी चार दारं झाली असती हो!" मामा कळवळून म्हणाले. "हा धूर कोण धरणार?"

"कपातीसाठी केलेलं उत्सर्जन कपातीतच धरतात, मामा. तुम्ही फार दारापुरता विचार करता. जरा व्यापक व्हा."

मामांचं डोकं फिरलं. त्यांनी घमेलंभर चिकणमाती कालवली आणि फट लिंपून टाकली. आठवड्यात उत्सर्जन चार टक्क्यांनी उतरलं. समितीत खळबळ माजली. मामांना नोटीस गेली : 'आपण विनापरवाना कपात केली असून ती कोणत्याही रकान्यात बसत नाही. माती तातडीनं काढावी.' नोटीस माझ्याच हातची होती. देताना मला त्यांच्याकडे बघवेना.

वर्षअखेर उत्सर्जन चौदा टक्के वाढलेलं निघालं. भट्टी बंद झाली. चाळीस माणसं डबे घेऊन फाटकाबाहेर पडली, आणि बाईंना पर्यावरणरक्षणाचं मानपत्र मिळालं.

सत्कारासाठी भट्टीतल्या शेवटच्या पोलादाच्या एक हजार पाण्याच्या बाटल्या केल्या होत्या. 'पृथ्वी वाचवा' असं कोरलेल्या, आणि फुकट. वाटायला मामांना उभं केलं होतं. तोबा गर्दी झाली. रांगेत तुम्हीही होतात. घरी पाच असताना तुम्ही सहावी घेतलीत आणि मामांनाच विचारलंत, "यात निळं झाकण नाही का हो?"