हुक्केरीअण्णांचं विमान

हुक्केरीअण्णांच्या दिवाणखान्यात गेलात तर तुम्हाला त्यांचं तोंड दिसायचं नाही. म्हणजे ते घरात असत, भरपूर बोलत, चहाही देत. पण तुमच्याकडे पाठ करून. कारण त्यांच्याकडे खुर्च्या समोरासमोर नव्हत्या, एकामागे एक होत्या. तीन-तीनच्या रांगा, शेजाऱ्याचं कोपर बरगडीत घुसेल इतक्या चिकटून, आणि सगळ्यांचे पाय सुतळीनं एकमेकांना बांधलेले. खुर्च्यांचे पाय. पण तिथे अर्धा तास बसलं की आपलेही बांधलेत असं वाटायचं.

पहिल्यांदा भाड्याच्या जागेची चौकशी करायला गेलो तेव्हा मला वाटलं, घरात सत्यनारायण असणार. मी पुढच्या रांगेत बसायला गेलो तर अण्णा ओरडले, "तिथं नको वो! ती रांग बुक आहे." त्या रांगेतल्या दोन खुर्च्यांवर छोट्या उशा होत्या, पिवळ्या बदकांचे अभ्रे घातलेल्या. मी निमूटपणे मागे बसलो आणि अण्णांच्या टकलाशी भाडं ठरवलं.

"बसमधल्यासारखं बसलोय आपण," मी विनोद केला.

"बस नव्हे," टक्कल म्हणालं. "विमान. साधा वर्ग."

अण्णा मूळचे निपाणीचे, पण उभं आयुष्य राजाजीनगरात गेलेलं. मराठी बोलता बोलता वाक्य कधी कन्नडच्या रस्त्याला लागेल ते त्यांनाही कळत नसे. नोकरी वजनमापे खात्यात. निवृत्तीनंतर दुकानदारांची मापं तपासायची सोय उरली नाही, म्हणून त्यांनी विमान मोजायला घेतलं होतं. दोन खुर्च्यांमध्ये गुडघ्याला किती जागा असते, हात टेकायच्या दांडीवर हक्क कुणाचा, कडेवर मूल घेऊन संडासात वळता येतं का, हे सगळं त्यांना ठाऊक. स्वतः ते विमानात कधीच बसलेले नव्हते.

"बसणाऱ्याला काय दिसतंय वो?" ते म्हणत. "समोरची खुर्ची. मी सगळ्यांना विचारलोय."

विचारलं होतं, हे खरं. दर रविवारी पहाटे अण्णा विमानतळावर जात. कुणाला आणायला नाही. परदेशातून मुंबईमार्गे आलेली माणसं बाहेर पडू लागली की त्यातली कडेवर मूल असलेली बाई ते हेरत. तिचे आईवडील हार घेऊन पुढे होण्याआधी अण्णा तिच्यासमोर उभे. "रडलं का? कुठं रडलं? समुद्रावर की जमिनीवर?" एवढ्या लांबून आलेली ती बिचारी, डोळे सुजलेले, खांद्यावर दुधाची ओकारी. हा आपला कुणीतरी काका असावा अशा समजुतीनं ती सगळं सांगून टाके. मग खरे काका येत आणि गोंधळ होई.

त्या काळात आमच्या गल्लीला अमेरिकेचं वारं लागलं होतं. इलेक्ट्रॉनिक सिटीत कंपन्या नव्या नव्या निघत होत्या आणि जो उठे तो 'ऑनसाइट' जात होता. राजाजीनगर ते इलेक्ट्रॉनिक सिटी हा कंपनीच्या बसचा प्रवास हाच मुळात परदेशगमनासारखा होता. पण त्यावर कुणी पेढे वाटत नसे. अमेरिकेला जाणाऱ्यांच्या घरी मात्र महिनाभर आधीपासून बॅगा न्हाणीघराच्या वजनकाट्यावर चढायच्या. कुकर न्यायचा की नाही यावर नवराबायकोत अबोला व्हायचा, आणि शेवटी कुकर जायचा, नवऱ्याची पुस्तकं राहायची.

आमचा नंबर लागला तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. लग्न उशिरा केलं, मुलं त्याहून उशिरा झाली. त्यामुळे बरोबरीच्या लोकांची मुलं सायकलवर शाळेला जात असताना माझ्या खिशात दुधाची बाटली असे. चिन्मय पाच वर्षांचा, मुक्ता दोनची. म्हैसूरला जाताना या दोघांनी बसमध्ये जो दंगा केला होता, त्यानंतर कंडक्टरनं आम्हाला आदरानं पुढच्या दारातून उतरवलं होतं. आता त्यांना घेऊन जवळजवळ एक अख्खा दिवस आणि अख्खी रात्र आकाशात काढायची होती. माझी बायको शुभदा व्हिसा मिळाल्याच्या आनंदात असायला हवी होती. ती नुसती म्हणे, "आपण जहाजानं गेलो तर?"

अण्णांच्या कानावर हे गेलं. त्याच संध्याकाळी ते जिना चढून वर आले.

"घाबरायचं काय त्यात? रविवारी या. नाश्ता करून या. दिवसभर विमान चालवू."

आम्ही हसलो. रविवारी गेलो.

दारात अक्का उभ्या होत्या. कमलाअक्का म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवती. अण्णांच्या विमानात एकटीनं सगळं काम करणाऱ्या, आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवणाऱ्या. त्यांनी आम्हाला तिसऱ्या रांगेत बसवलं. पट्टे म्हणून जुन्या साड्यांचे काठ होते. मांडीवर ट्रे म्हणून परीक्षेचे पॅड.

"सरी, ठीक," अण्णा म्हणाले, "पट्टा बांधा. कमला, इंजिन!"

स्वयंपाकघरात वेट ग्राइंडर सुरू झाला. दगडावर दगड फिरून त्या घरघराटात आमचे दात हलू लागले. विमानात असाच आवाज असतो अशी अण्णांची खात्री होती; आणि अक्कांच्या सोमवारच्या इडल्यांचं पीठही होत होतं.

पुढचे काही तास मी जन्मात विसरणार नाही. जेवण आलं ते झाकणाच्या डब्यांत. डब्यात डबी, डबीत वाटी. कोपरं न हलवता सगळी झाकणं उघडायची. मी मोठ्या कौशल्यानं गरम रसमचं झाकण काढलं आणि त्याच क्षणी समोरच्या खुर्चीतले अण्णा आपली खुर्ची घेऊन मागे रेलले. रसम माझ्या मांडीवर.

"मुद्दाम केलो," अण्णा म्हणाले. "तिथं न सांगता करतात."

मुक्ताला न्हाणीघरात न्यायची वेळ आली. दार उघडलं तर आत अण्णांची सायकल आडवी उभी. "काढू नका! तिथं एवढीच जागा असतंय," असा बाहेरून हुकूम. एका हातात पोरगी, बरगडीत हँडल. वळताना घंटी वाजली.

"कोण उतरतंय?" अण्णा ओरडले.

मग मुक्तानं भोकाड पसरलं. अण्णांना जणू याचीच वाट होती. "छान! आता शेजारी चिडणार. कमला, स्वल्प रागावून बघ." अवरेकाईच्या शेंगा सोलत बसलेल्या अक्कांनी मान वर केली, आम्हा सगळ्यांकडे अत्यंत तिरस्कारानं पाहिलं आणि पुन्हा शेंग सोलायला घेतली. शुभदाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"रडू नका की," अण्णा तिला म्हणाले. "आता गाठ."

गाठ हा अण्णांचा हुकमी एक्का होता. चिंचोका, जुनी किल्ली, बटण, शंख, असं काहीतरी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळायचं, वरून दोरा, दोऱ्याला गाठ, त्यावर पुन्हा कागद, पुन्हा दोरा. अशा पुड्या त्यांनी पिशवीभर करून ठेवल्या होत्या. "पोराला वस्तू नको असतंय. गाठ पाहिजे असतंय. वस्तू मिळाली की ते आपल्याकडं बघतंय. गाठ सुटेपर्यंत बघत नाही." मुक्तानं पुडी हातात घेतली, नखं लावली, आणि तिचं भोकाड मध्येच कुठेतरी राहून गेलं. चिन्मय तर दातांनी सोडवत होता. खोलीत ग्राइंडरखेरीज आवाज नव्हता. मी, सोळा वर्षं शिकलेला इंजिनिअर, मनातल्या मनात म्हणालो, हे जमलं बुवा.

इतक्यात वीज गेली. ग्राइंडर हळूहळू थांबला.

"पडलं!" चिन्मय किंचाळला.

"पडलं नाही, वीज गेली. विमानात जात नाही," असं म्हणत अण्णा फ्यूज बघायला बाहेर गेले. मी घाम पुसत उठलो, तर पट्ट्याला अडकून परत बसलो.

त्या शांततेत अक्का पहिल्यांदा बोलल्या. "आमची लेक सुनंदा अमेरिकेहून आली होती की. जुळी तेव्हा वर्षाचीसुद्धा नव्हती. तिथून इथवर रडली. एक थांबलं की दुसरं. सगळा प्रवास ती उभी होती वो, एक या खांद्यावर, एक त्या. मागचा कुणी माणूस तिला बोलला म्हणे. घरात पाय टाकल्या टाकल्या म्हणाली, अण्णा, पोरं मोठी झाल्याशिवाय आता मी येणार नाही." त्यांनी शेंगांची सालं गोळा केली. "मला डॉक्टर विमानात बसू नको म्हणतात. आणि हे मला सोडून शेजारच्या मल्लेश्वरमलासुद्धा जात नाहीत. विमानतळाला जातात तेवढेच."

वीज आली. ग्राइंडर सुरू झाला. अक्कांनी पुन्हा तोंड मिटलं आणि रागावून बघायला लागल्या.

संध्याकाळी आम्ही 'उतरलो'. दार उघडलं, जिना चढलो, घरी गेलो. "मजा आली," चिन्मय म्हणाला, आणि मी मूर्खासारखा खूश झालो.

निघायच्या दिवशी अण्णा विमानतळावर आले. पुड्यांची पिशवी दिली. तिथे खुर्च्या नव्हत्या, त्यामुळे आम्ही समोरासमोर उभे राहिलो. अण्णांना ते जमेना. ते ट्रॉलीच्या चाकाकडे बघत राहिले, मग सरळ पाठ फिरवली आणि म्हणाले, "पोचल्यावर सुनंदाला एक फोन करा. सहज. पोरं कशी आली तेवढं सांगा. या म्हणू नका. मी म्हणायला सांगितलोय असं वाटेल."

खऱ्या विमानात सगळं अण्णांनी सांगितल्यासारखंच झालं, आणि त्यामुळेच घात झाला. चिन्मय आपणहून पट्टा बांधून बसला. डबे आले, त्यानं झाकणं उघडली. संडासात गेला आणि सायकल कुठे आहे म्हणून विचारलं. फ्रँकफर्टपर्यंत गाठी पुरल्या. शेजारचे गृहस्थ आमच्याकडे कौतुकानं बघत होते, आणि मी 'त्यात काय विशेष' असा चेहरा करून बसलो होतो. दुसऱ्या विमानात, समुद्रावर कुठेतरी, शेवटची गाठ सुटली. चिन्मयनं पट्टा सोडला, उठला आणि म्हणाला, "झालं ना? आता दार उघडा. मला वर घरी जायचंय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोराला आम्ही इतकं तयार केलं होतं की खऱ्या विमानालाही तो तालीमच समजत होता. त्याच्या हिशेबानं पडद्यामागे स्वयंपाकघर होतं आणि दाराबाहेर आमचा जिना. तो थेट पडद्यात घुसला आणि हवाईसुंदरीला कन्नडमध्ये विचारलं, "अक्का इल्वा?" अक्का नाहीत का? तिनं त्याला संत्र्याचा रस दिला. त्यानं तो घेतला नाही. दार उघडत नाही असं कळल्यावर त्यानं जो सूर लावला, तो अमेरिकेचा किनारा दिसेपर्यंत. मुक्तानं भावाला साथ दिली. एक माझ्या खांद्यावर, एक शुभदाच्या. समोरचा माणूस न सांगता मागे रेलला तेव्हा कॉफी बरोबर माझ्या मांडीवर आली. आणि खरं सांगतो, त्या एका क्षणी मला ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

चार दिवसांनी, झोपेचं घड्याळ जरा जागेवर आल्यावर, मी सुनंदाला फोन लावला. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं.

"काही त्रास नाही झाला हो," मी म्हणालो. "अगदी सोपं. मुलं झोपूनच होती."

पलीकडे हसू फुटलं. "तुम्हीसुद्धा? अण्णांच्या विमानातून आलेले सगळे मला हेच सांगतात. एका बाईंचा मुलगा तर वाटभर श्लोक म्हणत आला म्हणे."

मग मी खरं ते सांगितलं. सायकल, रसम, दार, अक्का इल्वा. ती हसत राहिली. मध्येच विचारलं, "ग्राइंडर लावला होता?" मी हो म्हटलं. "आईनं रागावून बघितलं?" मी हो म्हटलं. तिच्यामागे दोन मुलं कशावरून तरी भांडत होती. चांगली मोठी झालेली मुलं. एक सायकल माझी की तुझी असं काहीतरी चाललं होतं.

"तुम्हाला कुठल्या रांगेत बसवलं?" तिनं विचारलं.

"तिसऱ्या. पहिली बुक होती."

"कुणी केलीय?"

"ते नाही सांगितलं. दोन खुर्च्यांवर बदकांच्या उशा आहेत."

मागे मुलांचं भांडण चालूच होतं.

"त्या उशा आता लहान पडतील त्यांना," ती म्हणाली. आणि मग, अगदी कामाचं काहीतरी विचारावं तसं: "त्या पुड्यांच्या गाठी कशा मारतात हो? मला त्यांनी शिकवलं होतं, माझं लक्ष नव्हतं."

"स्वल्प थांबा," मी म्हणालो, आणि दोरा शोधायला उठलो.