टाळ्यांची कवायत

सभागृह भरणार याची मास्तरांना इतकी खात्री होती, की जास्तीच्या खुर्च्या कुठून आणायच्या हेसुद्धा त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मास्तर म्हणजे तिचे बाबा. उभा जन्म शाळेत कवायत शिकवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यांनी एकदा सहज रांगेत उभं केलं, ते कायमचंच. मंडळींपैकी कुणी कारखान्यात बॉयलर तपासलेले, कुणी दातांचे डॉक्टर, कुणी वकील. पण मास्तरांनी "सावधान" म्हटलं की सगळे चौथीच्या वर्गातले.

ती, त्यांची मुलगी, विद्यापीठात इटालियन शिकवायची. दरवर्षी विभागाचा इटालियन कलांचा सप्ताह व्हायचा: मुखवट्यांचं प्रदर्शन, एखादा सिनेमा आणि पहिल्या संध्याकाळी गाणं. मागच्या वर्षी गाण्याला गाणारी एक, पियानो वाजवणारा एक आणि ऐकणारे त्यांच्याहून जरासेच जास्त. कुलसचिवांनी यंदा स्पष्ट सांगितलं होतं, की सभागृह पुन्हा ओस पडलं तर सप्ताह बंद. भाषांच्या मेळाव्यात इटालियनला एक टेबल मिळेल. एका टेबलावर आलेला विषय पुढे कुठे जातो, हे तिला पक्कं माहीत होतं. तिची नोकरीही त्याच वाटेनं जाणार होती.

चहा पिताना तिच्या तोंडून सहज निघून गेलं, की पूर्वी तिकडच्या नाटकघरांमधून टाळ्या वाजवायला माणसं ठेवत असत आणि त्यांचा एक म्होरक्याही असे. हे बोलली आणि फसली. मास्तरांनी कप खाली ठेवला. आपण आयुष्यभर चुकीच्या देशात नोकरी केली, असा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर आला.

तो शेवटचा साधा दिवस म्हणजे एक रविवार. बागेत टाळ्यांची तालीम होती. तिनं बजावलं होतं, की अशा गाण्यात मध्येच टाळ्या वाजवत नाहीत. गायिका थांबली तरी गाणं संपलं असेलच असं नाही. मग कळायचं कसं? मास्तरांनी शिट्टी सुचवली. तिनं हात जोडले. शेवटी रुमालावर तडजोड झाली. तिनं रंगमंचाच्या डाव्या अंगाला उभं राहायचं. रुमाल चेहऱ्याला टेकवला तर बसून टाळी. डोळ्यांवर धरला तर उभं राहून टाळी आणि "ब्राव्हो". रुमाल खाली गेला की सगळं जागच्या जागी बंद.

मास्तरांनी तिला झाडाखाली उभं करून पंधरावीस वेळा रुमाल टेकवायला लावला. पस्तीस तळहातांच्या जोड्या अशा एकदम वाजत होत्या, की शेजारच्या बाकावरचा माणूस वर्तमानपत्र घेऊन उठून गेला. दातांचे डॉक्टर अर्धी टाळी मागे पडत होते. त्यांना वेगळं काढून शिकवण्यात आलं.

"नजर कुठे ठेवायची?" मास्तरांनी विचारलं.

"रुमालावर," मंडळी म्हणाली.

"गाण्याकडे बघितलं तर?"

"बागेला दोन फेऱ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर उठलेच नाहीत.

भाऊ आला. सगळ्यांना फोन त्यानंच केले. तिनं येणाऱ्याजाणाऱ्यांचा चहा बघितला, पांघरुणं काढली, पुन्हा घड्या घालून ठेवली. आत्या म्हणाली, "रडून घे गं एकदा." ती "हो, घेते" म्हणाली आणि दोरीवरचे कपडे काढायला गेली. रजेच्या अर्जावर तिनं 'घरगुती कारण' एवढंच लिहिलं. कामावर परतल्यावर विभागप्रमुख बाईंनी कारण आटोपलं का विचारलं. ती म्हणाली, आटोपलं. रुमाल, खूण, तालीम यातलं काहीही तिच्या डोक्यात उरलं नव्हतं. मंडळी येतील असंही तिच्या मनात आलं नाही.

मंडळी आली. पांढरे शर्ट, कॅनव्हासचे बूट, दोघादोघांच्या जोडीनं. बॉयलरसाहेब पुढे होते. तिसरी आणि चौथी रांग त्यांनी एका हालचालीत भरून टाकली. पहिल्या रांगेतल्या कुलसचिवांनी मागे वळून बघितलं आणि समाधानानं मान हलवली. बाईंनी तिला कोपऱ्यातून विचारलं, की ही शिस्तीची माणसं कुठून मिळवलीस? ती म्हणाली, ओळखीची आहेत.

वकिलातीकडून आलेले सांस्कृतिक अधिकारी बोलायला उभे राहिले. ती नेमक्या ठरलेल्या जागी, डाव्या अंगाला, पडद्याला टेकून उभी होती. तो पडदा बांधला गेल्यापासून कुणी झटकला नसावा. पाहुणे हळव्या आवाजात सांगत होते, की गेल्या वर्षी पुरात त्यांच्या संस्थेचं निम्मं ग्रंथालय वाहून गेलं. तिला शिंक आली. तिनं रुमाल नाकाला लावला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. रुमाल खाली आला आणि कडकडाट नळ बंद केल्यासारखा थांबला.

पाहुण्यांनी चष्मा सारखा केला. आपलं वाक्य उलटं कळलं असावं म्हणून त्यांनी जास्त सोप्या शब्दांत सांगितलं, की पुस्तकं गेली, एकही परत मिळालं नाही. पडद्यातून धुळीचा दुसरा लोट आला. पुन्हा टाळ्या. पाहुण्यांनी राहिलेलं भाषण खिशात घातलं आणि ते खाली बसले. कुलसचिवांना मात्र भाषण आटोपशीर वाटलं.

मग गायिका आली. धिप्पाड बाई, गर्द हिरवा पोशाख, आणि आवाज असा की पाण्याचे पेले थरथरावेत. पहिली दोन गाणी विनाविघ्न पार पडली. तिसरं एका मुलीचं होतं. ती बंदरावर उभी राहून बापाला हाक मारते. गलबत दूर गेलंय, पण हाक थांबत नाही. कार्यक्रमाच्या पत्रकात त्याचं भाषांतर मास्तरांच्या मुलीनंच केलं होतं, रजेच्या आधी. तेव्हा तिनं फक्त वृत्ताकडे लक्ष दिलं होतं.

गायिकेनं पहिली हाक लांबवली. इतके दिवस जे आलं नव्हतं, ते पडद्याला टेकलेल्या तिच्या डोळ्यांत न विचारता आलं. तिनं रुमाल डोळ्यांवर धरला.

पस्तीस माणसं ताडकन उभी राहिली. "ब्राव्हो!"

गायिकेनं सूर अर्धवट सोडला, छातीवर हात ठेवला आणि कमरेत वाकली. इकडे पडद्याजवळ तिनं घाबरून रुमाल खाली घेतला. सगळे बसले. पियानोवाल्यानं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा हाक, पुन्हा डोळे, पुन्हा "ब्राव्हो". आता बाकीच्या प्रेक्षकांनाही वाटलं, की तिकडची रीतच ही असावी. तेही उठू लागले. कुलसचिव उठले. पाहुणे उठले, कारण आपल्या देशाची रीत आपल्यालाच ठाऊक नाही असं दिसायला नको.

तेव्हा कुठे तिनं नीट बघितलं. तिसऱ्या आणि चौथ्या रांगेतलं कुणीही रंगमंचाकडे बघत नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते. बॉयलरसाहेबांनी तर पापणीही हलवली नव्हती.

तिनं रुमाल मुठीत लपवला. डोळे ऐकेनात, म्हणून बाहीनं पुसले. बाही खूण म्हणून धरायची की नाही, यावरून रांगेत फूट पडली. वकिलांच्या मते खूण फक्त रुमालाची ठरली होती. दातांच्या डॉक्टरांना हेतू पुरेसा वाटला. निम्मे उभे, निम्मे बसलेले, आणि दोघे शेजाऱ्याला शर्टाला धरून खाली ओढताहेत, अशा अवस्थेत ते गाणं संपलं. खरं संपलं तेव्हा एकही टाळी पडली नाही, कारण मंडळींचा वाद चालू होता आणि बाकीचे मंडळींकडे बघून ठरवत होते.

गायिका घामानं डबडबून आत आली. समोर मुलीच्या मुठीत रुमाल दिसला, तो घेतला आणि डोळे पुसतपुसतच पुन्हा बाहेर गेली. सगळं सभागृह उठलं. गायिकेनं आणखी दोन गाणी म्हटली, रुमाल सोडला नाही.

विभागप्रमुख बाईंचा चेहरा लाल झाला होता. आत येऊन त्या पुटपुटल्या, की हा काय तमाशा आहे ते नंतर सांग, आधी आभार मान. आणि तुझे डोळे का असे झालेत? पडद्याची धूळ, ती म्हणाली.

ध्वनिक्षेपकासमोर तिनं कुलसचिवांचे आभार मानले, पाहुण्यांचे, गायिकेचे, पियानोवाल्याचे, दिव्यांचं काम बघणाऱ्याचे. कुलसचिवांनी बसल्या जागेवरून विचारलं, की एवढे रसिक श्रोते विभागानं आणले कुठून? पुढच्या वर्षी मोठं सभागृह देऊ, फक्त यांना आणा.

तिसऱ्या रांगेत बॉयलरसाहेब उभे राहिले. आधी दोन्ही हात बाजूला सरळ घेतले, मग बोलले. "ताई, आज चुका फार झाल्या. मास्तर असते तर झाल्या नसत्या."

घरी, विभागात, शेजारी, कुणापुढेही तिनं ते तोंडातून काढलं नव्हतं. भावानं सांगितलं होतं, आत्यानं सांगितलं होतं, अर्जानं लपवलं होतं. आता गालांवरून ओघळत होतं ते तिनं पुसलं नाही. पुसायला हातात काही नव्हतंही. बाईंनी पुढे यायला पाऊल उचललं आणि त्या तिथेच थांबल्या.

"ही माझ्या बाबांची माणसं आहेत," ती म्हणाली. "माझे बाबा गेले. मला ते हवे आहेत."