व्याख्यानाला एकच मेंढी

लॅटिन शिकवावं तर मीच! चाळीस वर्षं यॉर्कशरच्या पोरांना शिकवलंय, चेष्टा नाही! निवृत्त झाल्यावर गावच्या सभागृहात दर गुरुवारी दुपारी मी एक शब्द सोलून दाखवतो. मागच्या गुरुवारी श्रोते होते दोन. एक माझी बायको मॉरीन आणि दुसरा हीटर दुरुस्त करायला आलेला माणूस.

"ह्या वेळी दहा डोकी जमली नाहीत, तर गुरुवार टेबल टेनिसवाल्यांना!" सभागृहाच्या चिटणीस ऑल्डरसनबाईंनी बजावलं.

त्या एका तासासाठी तर मी आठवडाभर जगतो हो!

मग शब्द निवडला, ग्रेगेरियस. म्हणजे चारचौघांत रमणारा. मूळ लॅटिन शब्द ग्रेक्स, म्हणजे कळप. आणि प्रात्यक्षिकाला चक्क जिवंत मेंढी!

शेजारच्या सेथ थ्वेटनं मेंढी दिली खरी, पण म्हणाला, "मास्तर, खाद्याची बादली खुळखुळवत पुढं चला, येईल मागनं. आणि कुरणाचं फाटक तेवढं लावा!"

"अरे, चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेत मी!"

"पोरं बादलीमागं धावत नाहीत, मास्तर."

मी ऐटीत निघालो. मागे खुरांचा आवाज जरा जास्तच येत होता, पण मी मनात भाषण घोळवत होतो. सभागृहात शिरलो, मागे वळलो आणि बोबडीच वळली! एकीमागून एक, साठ मेंढ्या आत! आता एका हातात बादली, दुसऱ्या हातात भाषणाचे कागद. फाटक लावायचं कशानं, तुम्हीच सांगा!

"हाकला त्यांना!" ऑल्डरसनबाई खुर्चीवर चढून किंचाळल्या.

"अहो, माझा केक!" मॉरीन ओरडली. कसला केक नि कसलं काय! ताटलीसुद्धा चाटूनपुसून लख्ख. एका मेंढीनं तर माझं भाषण खाल्लं, तेही पहिल्या पानापासून, शिस्तीत!

सेथ धावत आला. त्याच्यामागे त्याची कुत्री, कुत्रीमागे पबमधली मंडळी, त्यांच्यामागे अख्खा गाव! सगळे पोट धरून हसताहेत.

"मास्तर, हे काय मांडलंय?"

"हाच तो ग्रेक्स!" मी टेबलावर चढून गरजलो. "एक निघाली की साऱ्या निघतात! आणि तुम्ही? एक धावला, सगळे धावलात! मेंढ्याही ग्रेगेरियस, तुम्हीही ग्रेगेरियस!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! चाळीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या. डोळे भरून आले माझे.

ऑल्डरसनबाईंनी खुर्चीवरूनच माणसं मोजली. त्रेपन्न!

"गुरुवार चालू राहील," त्या म्हणाल्या. "सेथ, मेंढ्या दर वेळी आणायच्या. आणि मास्तर, तुम्हीही जमलं तर या!"