ऑक्टोपस बेपत्ता, शिक्का हजर

उपमुख्याध्यापक उशिजिमा सर स्वतःविषयी फार कमी बोलत. म्हणजे दिवसातून फार तर सात-आठ वेळा. "माझं नाक," ते म्हणत, "तीन मजल्यांवरून गुन्ह्याचा वास घेतं. माझे डोळे भिंतीपलीकडचं बघतात. मेंदूविषयी मी बोलतच नाही, उगाच लोकांना न्यूनगंड येतो." आजवर त्यांनी सतरा प्रकरणं हाताळली होती. सोळांत वस्तू आपणहून परत आली होती, आणि सतराव्यात ती हरवलीच नव्हती. शाळेला मजले दोनच होते, पण नाकाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी हे नाक मिनोबे बाईंच्या टेबलावर वाकलं, तेव्हा बाई पत्ते मोजत होत्या. पाचव्यांदा. पाचव्यांदाही सत्तावीसच.

"सर, चौथीच्या खेळातला एक पत्ता हरवलाय."

"हरवला?" सरांनी शिक्षककक्षाचं दार हळूच लावून घेतलं. "बाई, वस्तू हरवत नसतात. त्या पळवल्या जातात. आजपासून तुम्ही माझ्या सहायक."

सहायक व्हायला बाईंना वेळ नव्हता. दुपारी पाचव्या तासाला शिक्षण मंडळाचे तीन पाहुणे त्यांचा इंग्रजीचा तास बघायला येणार होते. तासात खेळ होता कारुता. अठ्ठावीस मुलांनी आपापल्या हातांनी अठ्ठावीस पत्ते रंगवले होते. ते जमिनीवर पसरायचे, भोवती गुडघे टेकून बसायचं, आणि सगळ्यांनी तालात म्हणायचं:

उघडा डोळे, ताणा कान,
शब्द पडताच हाणा पान!

मग ज्याचं चित्र, त्यानंच आपला इंग्रजी शब्द पुकारायचा, आणि बाकीच्यांनी त्या पत्त्यावर झडप घालायची.

हरवलेला पत्ता होता ऑक्टोपस, शिओरीचा.

शिओरी एप्रिलमध्ये बेटावरून या शाळेत आली. आता नोव्हेंबर लागला होता, तरी वर्गानं तिचा आवाज ऐकला नव्हता. हजेरीला ती नुसता हात वर करी. पण ऑक्टोपस मात्र तिनं आठवडाभर रंगवला होता, वडिलांच्या होडीत बसलेला, आठही पायांत आठ रंगांचे मोजे घातलेला. मंगळवारच्या सरावात, पिकलं पान देठावरून सुटावं इतक्या अलगद, तो शब्द तिच्या ओठांवरून सुटला होता. बाईंनी तो झेलला होता आणि दोन दिवस जपला होता.

आज पत्ता नाही कळल्यावर शिओरीनं वहीच्या कोपऱ्यात लिहून दाखवलं, "कुणाला तरी आवडला नसेल." नवा काढूया का, विचारलं, तर तिनं मान हलवली. नाही म्हणजे नाही.

"सर, ती सापडलेल्या वस्तूंची पेटी एकदा बघितली असती तर..."

"पेटी!" सर खिन्नपणे हसले. "चोर कधी चोरीचा माल पेटीत आणून ठेवतो का? तुमचं वय लहान आहे, बाई." आणि सरांच्याच टेबलाला लागून असलेल्या त्या पेटीवर त्यांनी संशयितांचा नकाशा पसरला, चार कोपऱ्यांना चार चहाचे पेले ठेवले, आणि नकाशाला हात लावायचा नाही असा हुकूम सोडला.

पहिला तपास वर्गात. "सगळ्यांनी डोळे मिटा," सर खर्जात म्हणाले. "ज्यानं चूक केली, त्यानं हात वर करावा. कुणी बघणार नाही. मी सोडून."

चार हात वर आले. सरांनी बाईंकडे विजयी कटाक्ष टाकला: पाहुणे आत्ताच इथं असायला हवे होते! पण चौकशीत निघालं ते असं: पहिल्यानं वर्गाची मोठी पट्टी मोडली होती. दुसरीला लघवीला जायचं होतं. तिसऱ्यानं मधल्या सुट्टीत हात धुतले नव्हते. चौथा म्हणाला, "कुणीच हात वर करत नव्हतं सर, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून केला."

"टोळी आहे," सर बाहेर येऊन कुजबुजले.

दुसरा तर्क कावळ्याचा. पत्त्यांवर चकचकीत प्लास्टिक, कावळ्यांना चकचकीत आवडतं, तस्मात कावळा. सर वीस मिनिटं मैदानात उभे राहून झाडावरच्या एका कावळ्याकडे रोखून बघत होते. "नजर चुकवतोय," ते म्हणाले. शेवटी कावळाच कंटाळून उडून गेला. सरांनी वहीत नोंदवलं, "फरार."

तिसरा तर्क मात्र शाळेच्या स्वयंपाकघराच्या दिशेनं चालत आला, आणि त्याला वास सुंदर होता. त्या दिवशी जेवणाला ऑक्टोपसभात होता.

"पत्ता ऑक्टोपसचा. भात ऑक्टोपसचा. दोन्ही गुरुवारी. हा योगायोग असेल, तर मी उपमुख्याध्यापक नाही!"

मुलांच्या आधी जेवण चाखून बघणं हे सरांचं रोजचं कर्तव्य. आज त्यांनी ते दोन वाडगे बजावलं. समोर मुख्य स्वयंपाकीण कामेयोबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"पुरावा मऊ आहे," सर घास घोळवत म्हणाले. "किंचित आल्याचा वास. मंगळवारी कुठं होतात तुम्ही?"

"इथंच. तुमच्यासाठीच रांधत होते. मंगळवारीही दोन वाडगे झाले होते तुमचे."

"त्या पत्त्याचं तुम्ही काय केलंत?"

"सर, तो प्लास्टिकमध्ये घातलेला. शिजवला असता तर आत्ता तुमच्या दाताखाली आला असता."

सर चावायचे थांबले. विचार केला. मग, सत्यासाठी, पुन्हा चावू लागले.

जेवणं उरकली. पाहुण्यांच्या चपला शाळेच्या दारात येऊन ओळीनं लागल्या. बाई सत्तावीस पत्ते उराशी धरून शिक्षककक्षात उभ्या होत्या. तेवढ्यात कामेयोबाई ओले हात पुसत आल्या, दोन दिवसांपासून न सापडणारा चष्मा शोधायला. त्यांनी कसलाही तर्क लढवला नाही. चहाचे पेले बाजूला केले, संशयितांच्या नकाशाची गुंडाळी करून सरांच्या हातात दिली आणि पेटी उघडली.

एक हातमोजा, दोन टोप्या, अर्धी बासरी, चष्मा. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्या ओरडल्या, "अगं बाई! हा मोजे घालून कोण बसलाय?"

पत्त्याला चिठ्ठी टाचलेली होती. बाईंनी वाचली: "मंगळवार, सफाईची वेळ. चौथीच्या बाहेर व्हरांड्यात सापडला. ओकिमुरा, सहावी. पुसून ठेवलाय. चित्र फार छान आहे, ज्याचं असेल ते शोधत असेल." खाली, वस्तू मिळाली म्हणून, सहीच्या जागी नावाचा गोल, लाल, ठळक शिक्का होता: उशिजिमा.

दोघींनी आधी शिक्क्याकडे बघितलं, मग सरांकडे.

"याचा अर्थ..." सरांनी चिठ्ठी उजेडात धरली. "चोरानं माझा शिक्काही पळवला!" त्यांनी खिसा चाचपला. शिक्का खिशातच होता. "आणि परत आणून ठेवला," ते म्हणाले. "बिलंदर!"

बाई तोवर जिन्यात पोचल्या होत्या. त्यांनी पत्त्याआधी चिठ्ठी शिओरीच्या हातात दिली. शिओरीनं ती दोनदा वाचली, बारीक घडी केली आणि कंपासपेटीत ठेवली. पत्ता तिनं स्वतः नेऊन मधोमध मांडला.

खेळ सुरू झाला. पाहुणे भिंतीपाशी, त्यांच्या शेजारी सर, हाती निकामी नकाशा. मुलांनी ताल धरला, हाणा पान म्हटलं, एकेक शब्द पडत गेला. मग शिओरीची पाळी आली. वर्ग थांबला. बाई पुढे वाकल्या.

"ऑक्टोपस!"

शब्द भिंतीपाशीच्या पाहुण्यांपर्यंत गेला. सात हात एकदम आदळले, पत्ता फटाक् उडाला, सरळ दारातून व्हरांड्यात, मंगळवारच्या सरावात उडाला असेल अगदी तसा. सर चपळाईनं धावले. पत्ता उचलला, परत येऊन बाईंच्या टेबलावरची कोरी चिठ्ठी ओढली, आणि त्यांचा हात सवयीनं खिशातल्या शिक्क्याकडे गेला.

"सर, पेटीत नको!" शिओरी ओरडली.

कुणी आधी हसलं ते कळलं नाही. पाहुणेही हसले. शिओरी सगळ्यांत उशिरा हसली आणि सगळ्यांत उशिरा थांबली.

पाहुण्यांचा अहवाल सोमवारी आला. "मुलं मोकळेपणानं बोलतात," एवढ्याच ओळीखाली मिनोबे बाईंनी पेन्सिलनं रेघ ओढली. शेवटची सूचना उपमुख्याध्यापकांसाठी होती: शिक्का मारण्यापूर्वी कागद वाचत जावा.

तिच्याखाली, वाचल्याची खूण म्हणून, गोल, लाल, ठळक शिक्का होता.