मरळीच्या जागांची गुप्तता समिती

धानोरा तालुक्यातल्या आमच्या मच्छीमार सोसायटीला २००४ साली संगणक मिळाला. मी, लच्छू, तिथला कारकून. आमचे सदस्य इस्तारीभाऊ यांनी माझ्याकडून त्यात एक खासगी फाईल टाईप करून घेतली. तलावात मरळ मासा दडून बसतो त्या सात जागा त्यांच्या वडिलांनी फक्त त्यांनाच दाखवल्या होत्या. त्या त्यांना मुलीसाठी, साधनासाठी, ठेवायच्या होत्या. मरळ ज्याच्या जाळ्यात येईल त्याची, असा आमचा नियम. फाईल फुटली की पोरीच्या वाट्याला नुसतं पाणी.

"लच्छू, याले असं कुलूप लाव का कोनाले उघडताच नाई आलं पायजे," भाऊ म्हणाले.

फाईलचा मजकूर पासवर्डशिवाय वाचता येऊ नये असा गिचमीड करणारी तीन सॉफ्टवेअर मी चंद्रपूरहून सीडीवर आणली. निवड कारकुनाने एकट्याने करणे नियमबाह्य असल्याने माझ्यासह सहा जणांची गुप्तता समिती नेमण्यात आली. पहिला प्रश्न अध्यक्ष लटारूभाऊंनी काढला.

"वाचल्याबिगर ते गुप्त हाय का नाई, कसं समजन?"

समितीतल्या देवकाबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून फाईल मोठ्याने वाचण्यात आली. ती अत्यंत गुप्त असल्याचं एकमताने ठरलं. कुलूप उघडल्यावर मजकूर जसाच्या तसा आहे का, हे ताडून पाहण्यासाठी प्रत्येक सदस्याला एकेक छापील प्रत देण्यात आली.

पहिलं सॉफ्टवेअर कुठलाही पासवर्ड टाकला तरी उघडत होतं. ते सोयीचं असूनही नाईलाजाने नाकारलं. दुसरं दर वेळी पासवर्ड मागायचं.

"सदस्यावर भरोसा नाई का याचा?" लटारूभाऊ भडकले. तेही बाद झालं. तिसरं माझ्याशिवाय कुणालाच चालवता आलं नाही, म्हणून ते सर्वात सुरक्षित ठरलं.

पासवर्ड इतिवृत्तात नोंदवला आणि पुढच्या सभेत वाचून कायम केला. शेतावर जाताना सगळं गाव घराच्या किल्ल्या देवकाबाईंकडेच ठेवतं, म्हणून त्याची चिठ्ठीही त्यांच्याकडेच ठेवली.

आठवड्याने साधना फाईल पाहायला आली. ती समितीची सदस्य नसल्याने तिला पासवर्ड देता आला नाही. इस्तारीभाऊंचाही अर्ज त्याच कारणाने फेटाळला गेला. ते तडक तलावावर गेले, तर सहा जागांवर सहा जाळी.

"माह्या बापाच्या जागा होत्या रे लच्छू! पोरीले काय देऊ आता?" भाऊ सोसायटीत परत येऊन म्हणाले.

मला वाईट वाटलं, अगदी मनापासून. पण तिसऱ्या जागेवरचं जाळं माझंच होतं.

"फाईल पूर्ण सुरक्षित आहे, भाऊ," मी म्हणालो.

आणि वाचकहो, आम्हाला नावं ठेवू नका. मघापासून तुम्हालाही एवढंच विचारायचं आहे, की त्या जागा नेमक्या कुठे? सातव्या सदस्याची नेमणूक अद्याप व्हायची आहे. अर्ज माझ्याकडे मिळेल.