लॅमिनेशन केलेलं मत

सोसायटीच्या चेअरमनपदाचं मतदान रविवारी होतं आणि संगप्पा शनिवारपासूनच डोकं धरून बसला होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळच्या त्या सोसायटीत घरं एकतीस, आळ्या दोन आणि मत घरटी एक. तिथं चेअरमन होणं म्हणजे पाण्याच्या व्हॉल्व्हची चावी हातात येणं. नळाला पाणी चार दिवसांआड, आणि चावीवाल्याची आळी आधी भरते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

वरच्या आळीचा उमेदवार अभिमन्यू हा संगप्पाच्या बायकोचा सख्खा भाऊ. खालच्या आळीचे गैबीसाब हे संगप्पाच्या टॉवेल कारखान्यात पाळ्या लावणारे जॉबर, शिवाय रोज त्याला स्वतःच्या मोटारसायकलवर मागं बसवून नेणारे. एकाला मत दिलं तर कामावर चालत जायचं, दुसऱ्याला दिलं तर घरी जेवायचे वांधे. इकडे आड, तिकडे विहीर.

तिसरे उमेदवार होते कोंडीबाकाका, होटगी स्टेशनावरून निवृत्त झालेले पॉइंट्समन. "एक बारीला वरची आळी पयली, दुसऱ्या बारीला खालची. वाद कशाला?" एवढाच त्यांचा जाहीरनामा. तो सगळ्यांना पटायचा. पण पटलं म्हणून कुणी मत देतं होय? "काका लई चांगले, पर मत वाया जाईल की," असं दोन्ही आळ्या एकमतानं म्हणायच्या.

संगप्पाला वाया जाणारंच मत हवं होतं. चिठ्ठीवर नाव लिहून डब्यात टाकायचं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यानं डाव्या हातानं वेडंवाकडं 'कोंडीबा' लिहिलं. काकांचं स्वतःचं एक मत असणारच, त्यात आपलं दुसरं, कोण शोधत बसतंय, असा त्याचा हिशेब.

सेक्रेटरी शिवकुमारनं चिठ्ठ्या मोजल्या. अभिमन्यू पंधरा, गैबीसाब पंधरा, कोंडीबा एक.

"म्हाताऱ्यानं सोताचं मत सोतालाच दिलं की!" अभिमन्यू ओरडला.

"मी?" काका ताडकन उठले. "पंगतीत आपल्या हातानं आपल्याच ताटात वाढून घ्यायची रीत न्हाय आमच्यात. मी गैबीसाबला दिलंय. ह्ये मत दुसऱ्या कुणाचं तरी हाय." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढून पुसला.

फेरमतदान पुढच्या रविवारी ठरलं. काकांनी ती चिठ्ठी मागून घेतली, चौकात जाऊन लॅमिनेशन करून आणली आणि मत देणाऱ्याचा शोध सुरू केला. दोन दिवसांनी ते संगप्पाच्या दारात उभे राहिले, तेव्हा आत अभिमन्यू आणि गैबीसाब दोघंही चहा पीत बसलेले. संगप्पा दोघांचाही माणूस, म्हणून तडजोडीची बैठक त्याच्याकडेच भरली होती.

"दाजी, ज्यानं ह्यो घोळ घातला त्याला मी सोडणार न्हाय," अभिमन्यू नुकताच म्हणाला होता.

"अपन भी नहीं छोडेंगे," गैबीसाबांनी बशी आपटली होती.

काकांनी लॅमिनेशन पुढं धरलं. "संगप्पा, खरं सांग बाबा. तूच का?"

"छे, छे! न्हाय काका," संगप्पा म्हणाला आणि त्यानं डावा हात पाठीमागं नेला.

काकांचा चेहरा पडला. संगप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात एकदाच कुणीतरी या माणसाला निवडलं होतं आणि तो निवडणारा समोर बसून नाही म्हणत होता.

बाकीच्यांना मात्र एवढं दगड होता आलं नाही. वरच्या आळीतल्या मथुराबाईंनी काकांचे डोळे भरलेले पाहिले आणि त्या बोलून गेल्या, "माजंच होतं वो ते. कुणाला सांगू नका." शेजारच्या सिद्धूनंही तेच सांगितलं. फेरमतदानात काकांचं मत आपल्या आळीला मिळावं म्हणून काही जण सांगायचे, काही निव्वळ दयेपोटी. "कुणाला सांगू नका," हे शेवटी प्रत्येकाचं ठरलेलं.

रविवारी मतदान सुरू होण्याआधी काका उभे राहिले. खिशातून वही काढली.

"मला एकोणतीस जणांनी सांगितलं की मत तुमालाच दिलं. डब्यात निघाली एक चिठ्ठी. शिवकुमार, बाकीच्या अठ्ठावीस कुटं गेल्या?"

शिवकुमार पांढराफटक पडला. "काका, मी कशाला चिठ्ठ्या पळवू? माजं सोताचं मतबी तुमालाच होतं की!"

"मग हुडकूया. ज्यांनी मला दिलं त्यांनी हात वर करा."

मथुराबाईंनी आधी खांद्यापर्यंत हात नेला, शब्द दिला होता ना. त्यांना पाहून सिद्धूनं नेला. मग एकेक करत हात वर जाऊ लागले, आणि प्रत्येक जण वर गेलेल्या दुसऱ्या हाताकडे अविश्वासानं बघत होता. संगप्पा मेहुणा आणि जॉबर यांच्या मधोमध बसला होता. दोन्ही हात त्यानं मांडीखाली दाबून धरले आणि मान खाली घातली.

"एकोणतीस," शिवकुमारनं मोजलं.

संगप्पानं दचकून वर पाहिलं. डावीकडे अभिमन्यूचा हात वर होता, उजवीकडे गैबीसाबांचा.

"आपलं आपल्याला कोण देतंय, दाजी," अभिमन्यू पुटपुटला.

"रीत होती है ना," गैबीसाब म्हणाले.

आता फेरमतदानाला अर्थच उरला नव्हता. एकतिसांतले एकोणतीस! शिवकुमारनं तिथल्या तिथं व्हॉल्व्हची चावी काकांच्या हातात ठेवली. टाळ्या थांबल्यावर सगळ्यांच्या माना हळूहळू वळल्या आणि हात वर न केलेल्या एकुलत्या एक माणसावर येऊन थांबल्या.

"असू द्या, असू द्या," काका मोठ्या मनानं म्हणाले. "विरोधी मत असावं एकादं. संगप्पा, तुज्या नळालाबी पाणी येईल, काळजी करू नको."

गैबीसाब त्या दिवशी पाळीला एकटेच मोटारसायकलवर बसून गेले. संगप्पा पाळी करून घरी चालत आला, तर बायको सिद्धेश्वरी दारातच कमरेवर हात ठेवून उभी.

"सगळी सोसायटी एकीकडं आन् तुमी एकीकडं," ती म्हणाली. "एवढा देवमाणूस. एक मत द्यायला काय जात होतं वो तुमचं?"